गप्प झालेला सर्व्हर

एका रुग्णालयाचे लिनक्स सर्व्हर आम्ही आमच्या ऑफिसातून सांभाळतो. प्रत्येक सर्व्हर आपली खबरबात सतत लिहून पाठवतो. डिस्क भरत आली, कुणाचा पासवर्ड चुकला, पंखा मंदावला. दिवसभर या कुरकुरीच वाचायच्या.

त्या दुपारी माझ्या स्क्रीनवर रक्तपेढीच्या सर्व्हरच्या नावापुढे हिरवा दिवा होता, म्हणून मी निर्धास्त होतो. शेजारी बसणारी वैशाली मात्र थबकली. "हा बराच वेळ काही बोललेला नाही," ती म्हणाली. "हिरवा दिसतोय तो त्याचा शेवटचा निरोप आला तेव्हाचा दिवा आहे."

मी रुग्णालयात फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञांनी सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं. "एसी बंद पडलाय. आत नुसती भट्टी झालीय, सर्व्हर तापून बंद झालाय. आणि वर ऑपरेशन चालू आहे, रक्त मागवलंय."

वैशालीने सगळं काम राखीव सर्व्हरवर वळवलं. रुग्णाच्या रक्तगटाची नोंद दिसली, असं तिकडून कळेपर्यंत आम्ही फोन चालूच ठेवला. नोंद दिसली. रक्त वर गेलं.

कुरकुरणाऱ्याचा आपल्याला कंटाळा येतो, पण तो धड आहे एवढं तरी कळत असतं. धास्ती वाटायला हवी ती कुरकुर थांबल्याची. गेले कित्येक दिवस बाबा फोनवर गुडघ्यांबद्दल बोलले नव्हते आणि मला ते बरंच वाटत होतं.

मी जिन्यात जाऊन त्यांना फोन लावला. "बरा आहे," ते नेहमीसारखं म्हणाले.

"बाबा, गुडघे कसे आहेत?"

मग ते म्हणाले, "चालवत नाही रे आता."