आधी काच खाली

चाचा कुणाच्याही गाडीत बसले की किल्ली अर्धी फिरवायचे, चारही काचा खाली करायचे आणि मगच पुढचं काम. काचा उतरत नसतील तर दार उघडं ठेवून एक पाय बाहेर. मे महिन्यात मी एसी दुरुस्त करून घेतला, तेव्हाही ते घामाघूम होत उघड्या काचांनीच चक्कर मारून आले. "चाचा, एसी काय शोभेला आहे?" मी विचारलं. "मला हवा लागते," ते म्हणाले. या माणसाला हवा जरा जास्तच लागते, असं मी घरी येऊन हसत सांगितलं होतं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

पनवेलला उरण नाक्याजवळ त्यांची पत्र्याची शेड होती, मागे घर. दहा वर्षं आखातात गाड्यांचं वायरिंग करून ते परतले होते. दुकानाच्या पाटीवर काहीतरी भारदस्त नाव होतं, पण सगळं गाव त्यांना चाचाच म्हणे. चार वाजता मागच्या घरातून चहा यायचा. किटली घेऊन यायच्या त्या जमिलाभाभी, चाचांच्या धाकट्या भावाची विधवा. उंबऱ्यावर किटली ठेवून म्हणायच्या, "भाई, चहा." मग क्षणभर उभ्या राहायच्या आणि आत जायच्या. चाचा मान वर करायचे नाहीत. ही त्यांच्या घरची रीत असावी, असं मी धरून चाललो होतो.

बॉनेट उघडण्याआधी ते माणसाची उलटतपासणी घ्यायचे. "गाडी बोलत नाय, माणूस बोलतो. त्यालाच विचारायचं." माझी बॅटरी रोज सकाळी उतरलेली असायची. दोन मेकॅनिकांनी नवीन बॅटरी घ्यायला सांगितलं होतं. चाचांनी आदल्या दिवशी मी काय काय केलं ते विचारलं, सामान डिकीत ठेवल्याचं ऐकल्यावर डिकी उघडली आणि आतल्या दिव्याला बोट लावलं. दिवा गरम होता. डिकी बंद केली तरी तो विझतच नव्हता. "रातभर आत दिवाळी चाललीय तुमची," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांचा भक्त झालो.

मग आईचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा तिला कामोठ्याहून न्यायचं-आणायचं. नेमका त्याच काळात काचांचा आणि दारांच्या लॉकचा फ्यूज उडायला लागला. नवा घातला की दोन दिवसांत पुन्हा तेच. एका सकाळी उशीर होत होता, जवळचे फ्यूज संपले होते. सोसायटीच्या वॉचमनकडून सिगारेटचं रिकामं पाकीट घेतलं, त्यातला चांदीचा कागद जळक्या फ्यूजला गुंडाळला आणि बसवून दिला. काचा चालू झाल्या. आपल्याच अकलेवर मी खूश झालो.

चार दिवसांनी चाचांनी फ्यूजचं झाकण काढलं आणि तसेच थांबले. चिमट्याने कागद बाहेर काढला.

"ही चांदी कोणी लावली?"

"मीच."

"आणि आईला घेऊन फिरलात?"

गाडीची किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली. "फ्यूज उडाला म्हंजे तो मेला आणि तुमाला वाचवून गेला. त्याच्या जागेवर चांदी लावली, तर आता मरायचं कोणी?"

मग त्यांनी विचारलं, फ्यूज उडतो तेव्हा गाडीत कोण असतं? विचित्र प्रश्न. पण आठवलं तर दरवेळी आईच असायची. तिला उतरवायला डावीकडचं मागचं दार आम्ही पार ताणून उघडायचो. त्या दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीत वायर होती. तिचं आवरण झिजलं होतं आणि दार पूर्ण उघडलं की आतली तार पत्र्याला टेकत होती.

वायरला जोड देताना, माझ्याकडे न बघता, चाचा बोलायला लागले. धाकटा भाऊ सलीम भाड्याची गाडी चालवायचा. एकदा घाईत होता. "मीच लावून दिली होती चांदी. म्हटलं, संध्याकाळी नीट करतो." उरणच्या रस्त्यावर गाडीतल्या वायरी पेटल्या. लॉक उघडलं नाही, काचा उतरल्या नाहीत. गाडी जळाली हे गावाला माहीत होतं. चांदीचं कुणालाच नाही.

"जमिलाला सांगू का? तुमी शिकलेले हाय. बोला."

मी शिकलेला असल्यामुळे लगेच बोललो. "कशाला आता, चाचा? झालं ते झालं. त्यांना उगाच त्रास."

ते बराच वेळ टेप गुंडाळत राहिले. "बरं. तसंच करू," म्हणाले.

दोन वर्षांनी आई गेली. चाचा भेटायला आले, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आईशी काय बोलायचं राहिलं तर नाय ना?" मी नाही म्हणालो. "नसीबवाले हाय तुमी," ते म्हणाले. मला वाटलं, सांत्वनाची त्यांची पद्धत असेल.

पुढच्याच वर्षी न्यूमोनियाने आठ दिवसांत चाचा गेले. मी घरी गेलो. भाभींनी त्याच किटलीतून चहा दिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, काच खाली केल्याशिवाय चाचा कधी गाडी सुरू करायचे नाहीत.

"ते तसं का करायचे, मला माहीत हाय," भाभी म्हणाल्या. "त्या दिवशी माझे घरवाले चहा पिऊन निघाले, तवाच सांगून गेले होते. भाईने चांदी लावून दिलीय, संध्याकाळी बदलणार हाय."

"मग तुम्ही कधी काही…"

"मी कशी बोलणार? त्यांनी बोलायला पायजे होतं. मी तर कधीच माफ करून बसले होते. रोज चहा ठेवायची आणि उभी राहायची. वाटायचं, आज बोलतील."

मला तिथे बसवेना. बाहेर येऊन गाडीत बसलो, किल्ली अर्धी फिरवली, काचा खाली केल्या. भाभी दारात उभ्या होत्या, हाकेच्या अंतरावर. चाचा बोलायला निघाले होते, मीच त्यांना गप्प केलं, एवढंच सांगायचं होतं. मी गाडी सुरू केली.