विचारून थांबणाऱ्या सिस्टर

आमच्याकडे येणाऱ्या सिस्टरांची एक गोष्ट मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. त्या प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. ऐकायला साधं वाटतं. पण आजारी माणसाजवळ आपण कसे बसतो ते आठवून पाहा. 'आता बरं आहे ना? चेहरा तर बरा दिसतो.' प्रश्नही आपला आणि उत्तरही आपलंच. सिस्टर विचारून झालं की हात मांडीवर ठेवून बसत. पंखा कुरकुरत राही, घरातलं कोणीतरी उगाच खाकरे, पण त्यांना घाई नसे.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, गालाचा कॅन्सर झाला होता. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला होता त्यांनी. नागपूरला ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, तरी गाठ पुन्हा वर आली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, त्रास कमी राहील एवढं पाहू. त्यानंतर दर बुधवारी सरकारी दवाखान्याच्या सिस्टर आमच्या बिरसीजवळच्या गावात येऊ लागल्या. कुडव्याला राहायच्या. स्कूटीच्या डिकीत ड्रेसिंगचं सामान आणि दुखण्याच्या गोळ्या असायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा धानाची रोवणी चालू होती आणि त्यांची सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती.

मामाजींनी बोलणं सोडलं होतं. ऑपरेशननंतर शब्द नीट उमटत नव्हते, म्हणून बोलत नसतील, असं आम्ही धरून चाललो होतो. सिस्टरांनी तसं धरलं नाही. जखम पुसता पुसता त्यांनी विचारलं, "बाबाजींना आधी कशाचा शौक होता जी?"

"इमानं पाहाचा," सासूबाई म्हणाल्या.

खरंच होतं ते. बिरसीच्या विमानतळावर पोरं विमान चालवायला शिकतात. मामाजी शेताच्या धुऱ्यावर उभे राहून एकेकाची परीक्षा घेत. "हा नवा हाय, डगमगून राहिला." आम्ही हे सांगत होतो तेवढ्यात एक विमान घरावरून गेलं. मामाजींनी मान वर केली नाही. सिस्टर त्यांच्याकडेच पाहत होत्या.

मग त्यांनी एक छापील कागद काढला. 'मागील दोन आठवड्यांत आपणांस' अशी सुरुवात असलेला. तो मांडीखाली सरकवून त्या आमच्या बोलीत बोलू लागल्या. "बाबाजी, या पंधरा दिवसांत मन कसं राहिलं? कशातच जीव लागून नाही राहिला, असं होते का?"

दारात उभे असलेले माझे यजमान वैतागले. "सिस्टर, कॅन्सर झालेला माणूस उदास नाही राहीन तर काय नाचन?"

"जखम दुखते तेही कॅन्सरनंच ना, भाऊ?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "त्याले गोळी देता. मग मनाचं दुखणं तसंच काऊन ठेवता?"

पुढचा प्रश्न त्यांनी जरा जवळ सरकून विचारला. "बाबाजी, मरण आलं तर बरं, असं वाटते का? ते लवकर यावं म्हणून काही करून राहिले का?"

सासूबाई ताडकन उठल्या. "काऊन असं अभद्र इचारता, बाई? भरल्या घरात! आता येऊ नका." सिस्टरांनी त्यांना हातानंच थांबवलं, पण नजर मामाजींवरून हलू दिली नाही. किती वेळ गेला, देव जाणे. शेवटी मामाजी एकेक शब्द जुळवत बोलले.

"पेज... मी पेत नाई. गाईच्या गव्हानीत टाकतो."

दोन आठवडे रिकामी वाटी परत येत होती आणि मी खूश होत होते.

"काऊन, बाबाजी?"

"तोंडाचा वास येते. नातीन जवळ येत नाई." मग ते रडले. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहत होते. सिस्टरांनी 'रडू नका' म्हटलं नाही. रुमाल दिला आणि बसून राहिल्या.

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी गोंदियाला नेलं, मनाच्या आजाराची गोळी सुरू झाली. वासासाठी वेगळी गोळी कुटून जखमेवर टाकायला सिस्टरांनी मला शिकवलं. मन सावरेपर्यंत मामाजींना एकटं ठेवायचं नाही, असंही बजावलं. जाताना सासूबाईंना म्हणाल्या, "मी विचारल्यानं ते मनात येत नाही, आई. असते तेच बाहेर येते. आणि डॉक्टर मनाची गोळी देतील, ती लगेच काम नाही करणार. दोन-तीन हप्ते दम धरा."

वास आठवडाभरात कमी झाला आणि माझी लेक पुन्हा आजोबांच्या खाटेवर चढली. मन वर यायला जास्त वेळ लागला. दर बुधवारी तेच प्रश्न, तेच थांबणं. चौथ्या का पाचव्या बुधवारी मामाजींनी माझ्याकडे बोडीच्या, म्हणजे गावतळ्यातल्या, मासोळीचा रस्सा मागितला, बिनतिखटाचा, गाळून. खाट अंगणात काढायला लावली. विमान आलं की लेक त्यांच्या तोंडाकडे पाही आणि ते बोटांनी मार्क दाखवत.

एकदा त्यांनीच सिस्टरांना विचारलं, "बाई, तुमाले कोन इचारते?" सिस्टर हसल्या, टाळायला गेल्या. मामाजी मात्र वाट पाहत राहिले. मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "सकाळी फुलचूरचे एक पेशंट गेले, बाबाजी. थकून राहिली मी." त्या दिवशी त्यांनी आमच्या घरी पहिल्यांदा चहा घेतला, तोवर कधी घेत नसत. रोज असं कुणाकुणाचं मन उघडून पाहायचं आणि संध्याकाळी एकटीनं स्कूटीवर घरी जायचं, हे या बाईला जमतं कसं, याचं मला आजही नवल वाटतं.

कॅन्सर काही थांबला नाही. धान घरात आल्यावर एका दुपारी मामाजी गेले, झोपेतच, माझ्या यजमानांचा हात हातात असताना.

तेरवी झाल्यावर सिस्टर उरलेल्या गोळ्या परत न्यायला आल्या. त्यांची बदली देवरीकडे झाली होती. सासूबाई त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेल्या. पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "येऊ नका म्हनलो होतो तुमाले. पन तुमी आले म्हनून तो मानूस बोलता झाला. संसारात कधी मले नावानं हाक नाई मारली त्यानं, 'अवो' म्हने. शेवटच्या आठ दिवसांत नावानं बलावे. घडीघडी."

सिस्टरांनी स्कूटीला लावलेली किल्ली काढून घेतली आणि सीटवर हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हाच पाहिले. इतके महिने त्या येत होत्या, पण त्यांच्या फायलीत फक्त मामाजींचं नाव होतं.

"काय नाव आहे तुमचं, आई?"

सासूबाई नव्या नवरीसारख्या लाजल्या. "फुलवंता," म्हणाल्या.

"फुलवंताबाई," सिस्टर म्हणाल्या, "येते मी."