मोजे दिले न्हाईत

हात सुटंना. सोलरच्या प्लेटाखालची वायर सोललेली व्हती, पाण्यानं वलली झाली, आन माझा हात तिला चिकटून बसला. ओरडायला गेले तर आवाज न्हाई. पलीकडच्या रांगेत सावलीला माझी लेक निजलेली, आठ म्हैन्याची. मला तिचे नुसते पाय दिसत व्हते. पाय हलतेत का? हलतेत का? मंग माझेच गुडघे गेले, मी खाली पडले, तवा हात सुटला.

बाया लांब उभ्या. करंट असताना हात लावू न्हाई, ते कळतं मला. पण करंट सुटला व्हता की! मी चिखलात, लेक रडायलीय, तरी कुणी पुढं येईना.

सुपरवायझर अण्णा आला. प्लांट त्याच्याच चुलत्याच्या रानात हाय. म्हणला, "उठ. नाटकं बंद कर."

पाटोद्याच्या वरच्या माळाला सोलरच्या प्लेटा धुते मी. बौद्धवाड्यातली एकटीच. साईटवर रबरी हातमोज्याचे दोनच जोड. मी घातले तर बाकीच्या बाया त्याला शिवणार न्हाईत. म्हणून अण्णानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं, "तू तशीच धू, तुला काय व्हतंय?" मी हो म्हणून मान हलवली. हलवली ना मी.

बीडला आपल्या बौद्ध लोकायची संघटना हाय. विजेतले, सोलरमधले, पवनचक्कीवरले. हात फडक्यात बांधून, लेकीला काखंत घेऊन गेलते. खुर्च्या, इस्त्रीचे सदरे. वाटलं, आता सुटले. सेक्रेटरी म्हणले, "ताई, तुमचं पद काय?"

"प्लेटा धुते."

"तांत्रिक पद लागतं ओ. नियम आहे." चहा दिला. चहा तसाच ठिवून उठले मी. आपल्याच लोकात एवढं एकटं वाटतंय, हे मला ठाऊकच नव्हतं.

जिन्यात संघटनेतल्याच एक इंजिनिअर म्याडम मागून पळत आल्या. "सही घेतली का तुझी कशावर?"

"न्हाई अजून."

"घेतील. वाचल्याबिगर करू नको."

दुसऱ्या दिवशी अण्णानं कागद पुढं केला. सातवीतून काढलंय मला. हळू वाचते, बोट ठिवून. 'हातमोजे दिले होते, मी घातले नाहीत, चूक माझी.' खाली साक्षीदार म्हणून कमलमावशीची सही. माझ्याच रांगेत धुते ती.

"कावून ताणतीस गं," मावशी म्हणली. "कर की. पोरगी हाय पदरात."

अण्णा म्हणला, "सही न्हाई तर उद्यापासून गेटात पाय न्हाई."

लेक पदर वढायली. पेन घेतला. त्याच कागदाच्या मागं लिवलं, वाकडंतिकडं: मोजे दिले न्हाईत. मी घातले तर बाकीच्या शिवणार न्हाईत म्हणून दिले न्हाईत. आन त्याच्याखाली सही केली.

अण्णानं कागद फाडला.

फाडू दे. मी दुसरा लिवलाय, तिसरा बी. एक कामगार हापिसात देणार, एक त्या सेक्रेटरीच्या टेबलावर. मोजे दिल्याबिगर प्लेटाला हात लावणार न्हाई, आन गेटावर बसलेय तिथून उठणार बी न्हाई. नवरा बोलंना झालाय. वाड्यातले म्हणत्यात, चुकलीस. भ्या वाटतंय, लई वाटतंय. पण 'चूक माझी'वर सही न्हाई.

तुमी असता तर, काखंत लेकरू घेऊन, तुमी केली असती का?