पियानोला भाता नसतो

मुलांसाठी स्वस्तातला डिजिटल पियानो शोधताय ना, मग आज दुपारचं ऐका.

महिनाभर मी मोबाइलवर रिव्ह्यू वाचले आणि आज लेकीला, आर्याला, घेऊन मेन रोडवरच्या दुकानात गेले. सोबत सासरे आले. नाना आमच्या विहारात वर्षानुवर्षं पेटी वाजवतात.

दुकानदाराने दोनशे ट्यून असलेला चकचकीत कीबोर्ड दाखवला. नाना उजव्या हाताने वाजवायला लागले आणि डावा हात सवयीने मागे नेऊन भाता शोधू लागले. आर्या हसली. "नाना, तिथे काही नसतं."

नानांनी दुकानदाराला विचारलं, "मग आवाज कमी-जास्त कशानं करायचा?"

त्याने व्हॉल्यूमचं बटण दाखवलं.

"बटण नको. वाजवता वाजवता झाला पाहिजे."

तेव्हा कुठे त्याने कोपऱ्यातला साधा, जड पट्ट्यांचा पियानो उघडला. पट्टी हलकी दाबली की आवाज हळू, जोरात दाबली की मोठा. किंमत जवळपास तेवढीच. तोच घेतला.

आत्ता घरी नाना उजव्या हाताने वाजवतायत, डावा मांडीवर आहे. डावीकडच्या पट्ट्या आर्याने घेतल्यात.

इतके रिव्ह्यू वाचून मला नानांचा तो आवाजाचा एक प्रश्न सुचला नव्हता. तुम्ही खरेदीला कुणाला सोबत नेलं होतं?