थंड कॉफीची अकरावी बॅच

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका जबाबदार माणूस अख्ख्या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल, आणि त्या जबाबदारीचा आजूबाजूच्यांना इतका ताप देणाराही झाला नसेल. मी अजिबात वाढवून सांगत नाहीये. म्हणजे थोडं वाढवतेय, पण काकांच्या बाबतीत वाढवायला मुळात जागाच कमी असते. बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ते ऑपरेटर होते. एका भल्यामोठ्या टाकीसमोर उभं राहायचं, दर अर्ध्या तासाने तिचं तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन "चार्ज घेतला" असं तोंडाने म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही, हे त्यांचं काम. कारखान्यात हे ठीकच आहे हो, टाकी उडाली तर आम्ही सगळेच उडू. पण काका हे घरीसुद्धा करायचे! गॅसवर दूध ठेवलं आणि दारात पोस्टमन आला तरी काका दुधापासून हलायचे नाहीत. एकदा कॉलनीच्या गणपतीत कुणीतरी आरतीचं तबक त्यांच्या हातात दिलं. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद वाटला, लोक घरी जाऊन जेवायला बसले, तरी काका मंडपात तबक धरून उभेच! मी धावत गेले, म्हटलं, "काका, ठेवा ना खाली." तर म्हणतात, "देणारा देऊन गेला, घेणारा कोणी आलाच नाही. चालू निरांजन असं बेवारस सोडतात का?" शेवटी मी "चार्ज घेतला" म्हटलं तेव्हा कुठे त्यांनी तबक सोडलं. आणि वर मला विचारलं, "तूप किती आहे बघून घेतलंस ना?"

काकू साताऱ्याच्या. कारखान्याच्या कॉलनीत वीस-बावीस वर्षं काढूनही त्या इथे राहायला आल्या आहेत असं कधी वाटलंच नाही, पाहुण्या असल्यासारख्या असायच्या. इथल्या हवेवर त्यांचा भारी राग. पापड वाळत नाहीत, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, कपाटाच्या बिजागऱ्या गंजतात, आणि मे महिन्यात माणूस आंघोळ करून बाहेर येतो तो परत भिजलेलाच. "आमच्याकडं ऊन असतं, पण सावलीत गेलं की सावली असते. इथं सावलीलापण घाम येतो," असं त्या म्हणायच्या. काकांना मात्र हे गाव म्हणजे जीव की प्राण. रविवारी सायकल काढून घिवलीच्या किनाऱ्यावर जायचे, नुसते बसून यायचे आणि आल्यावर असे खूश, जणू समुद्राचा चार्ज कुणालातरी नीट देऊन आलेत.

मी कॉलेजला होते त्या वर्षी काकांची रिटायरमेंट आली, म्हणजे कंपनीची खोली सोडावी लागणार. काकांच्या मनात मासवणला दोन खोल्या बांधायच्या होत्या. काकूंच्या धाकट्या भावाने साताऱ्यात वरची खोली त्यांच्यासाठी रिकामी ठेवली होती, आणि स्वतःच्या पोराचं लग्न ठरल्यामुळे मेच्या शेवटी तो पक्कं उत्तर घ्यायला येणार होता. काकूंचं उत्तर तर तयारच होतं. फक्त बोलता बोलता त्या एकदा म्हणाल्या, "या गावात आयुष्यभर गार असं काही मिळालं नाही मला. एकदाच काय ती गार झाले होते, मुंबईला चुलतभावाच्या लग्नात. हॉटेलात कॉफी दिली होती काचेच्या ग्लासात. थंडगार, दाट, वर फेस, आणि तळाला करपलेल्या साखरेची चव. पार टाचेपर्यंत गार झाले." काकांनी चष्मा वर केला. "आणि तशी कॉफी इथे मिळाली तर?" काकू हसल्या. "इथं? बोईसरात? मिळू दे, मग बघू."

झालं! दुसऱ्या दिवशी लाल कापडी बांधणीचं नवं रजिस्टर आलं. पहिल्या पानावर रकाने आखले: बॅच नंबर, साखर, दूध, कॉफी पावडर, रंग, शेरा. काका साखर जाळायला उभे राहिले ते डोळ्यांवर कारखान्यातला सेफ्टी गॉगल आणि हातात चामड्याचे मोजे घालून. मी हसले तर मला म्हणाले, "हसू नकोस. वितळलेली साखर म्हणजे काय, ते अंगावर उडाल्यावर कळतं." पहिली बॅच कोळसा झाली. दुसरी पण कोळसा, पण काकांच्या मते "जास्त चांगला कोळसा." तिसरीला रंग जुन्या गुळासारखा सुरेख आला, तर काकांनी त्यात फ्रीजमधलं गार दूध ओतलं, आणि साखरेचा असा दगड झाला की तो मिक्सरमध्ये फिरताना खालून मालगाडी गेल्यासारखं वाटलं. मिक्सरचं पातं वाकलं. काकू दुसऱ्या खोलीतून ओरडल्या, "चटणी वाटायची कशात आता?" काकांनी शेऱ्यात लिहिलं: "दूध गरम हवे. घरातून तक्रार आली."

मग बर्फाचा प्रश्न. त्यांच्या फ्रीजला बर्फाचा ट्रे एकच. काका म्हणाले, एवढ्याने काय होतंय, आणि घिवलीहून मासे विकायला येणाऱ्या मावशींना गाठलं. त्यांच्या पाटीत रोज बर्फ असतोच! मावशींनी प्रेमाने एक मोठा खडा गोणपाटात गुंडाळून आणून दिला, काकांनी तो तीनदा धुतला, सातवी बॅच केली, आणि पहिला घोट मला दिला. तो मी कसाबसा गिळला. बोलायला तोंड उघडायची भीती वाटत होती. काकूंनी नुसता ग्लास नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "सुरमई आहे का हलवा?" काका रागारागाने बाजारात मावशींकडे गेले. "बर्फाला वास येतो हो तुमच्या!" मावशींनी कोयता बाजूला ठेवला. "बर्फाला कसला वास येल, दादा? बर्फ चांगला हाय. वास म्हावऱ्याचा हाय." मग कॉफीत बर्फ कशाला हवा, ते सगळं विचारून घेतलं आणि एवढं हसल्या की डोळ्यांना पदर लावला. "आनी पान्याचा बर्फ घातलास तर तुजी काफी पानचट नाय व्हनार? आमी नाय का, बर्फ वितळला का म्हावरं पानात तरंगतं. तुजी काफीच गोठव ना रे बाबा, तिचाच बर्फ कर!"

काका तिथेच उभे राहिले. मग खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं. खरं सांगते, त्या दिवशी घरी येताना ते सायकलवर बसले नाहीत, नुसती हातात धरून जवळजवळ पळत आले. काळी कॉफी ट्रेमध्ये आणि उरलेली वाट्यांमध्ये गोठवायची, साखर जाळून त्यात गरम दूध घालायचं, ते गार पाण्याच्या परातीत निववायचं, मग दोन्ही मिक्सरमध्ये एकत्र फिरवायचं. आठवी, नववी, दहावी बॅच. प्रत्येक वेळी काकू एक घोट घेऊन म्हणायच्या, "काहीतरी कमी आहे." काय कमी आहे ते काही सांगता यायचं नाही. काका बारीक व्हायला लागले होते.

आणि तो रविवार आला. काकू बाजारात गेलेल्या. मी वरून खाली उतरत होते तर काकूंचे भाऊ, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो, दारात उभे. भर दुपार, हातात बॅग, शर्ट पाठीला चिकटलेला, बेल वाजवताहेत. लॅचचं दार बंद. स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडते, तिच्या गजांतून बघितलं तर आत काका गॉगल लावून गॅससमोर उभे.

"दाजी! अहो मी आलोय, दार उघडा की!"

"दिसताय मला. या, या. पण मी जागा सोडू शकत नाही. रिलीव्हर नाही."

"कसला रिलीव्हर?"

"साखर वितळतेय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मामा, गॅस बंद करा म्हणू का?" तर आतून काका गरजले, "अर्धवट बॅच बंद करतात का? अकरावी आहे!" म्हणजे बघा, ज्या माणसाला खूश करायचं त्यालाच यांनी उकाड्यात उभा केलेला! गेल्या मासवणच्या खोल्या, गेले काका-काकू साताऱ्याला. पंधरा मिनिटांनी काकू पिशवी घेऊन आल्या, तर सख्खा भाऊ जिन्यात रुमालाने वारा घेतोय. "आक्का," मामा म्हणाले, "मी पार वितळलो, दाजींची साखर काय वितळंना."

काकूंनी किल्ली अशी फिरवली की लॅच तुटलं असं मला वाटलं. पिशवीसकट आत शिरल्या. काका शांतपणे म्हणाले, "चार्ज घेतेस का?"

"घेतला! घेतला चार्ज! व्हा बाजूला!"

बावीस वर्षांची सवय हो! रागातसुद्धा सांडशी घेतली, भांडं तिरकं करून रंग बघितला आणि बरोबर त्या क्षणी गरम दूध ओतलं. फस्सकन वाफ आली. काका तोवर मेव्हण्याला खुर्ची द्यायला धावले होते. आणि काकूंनी मागे न बघता मिठाच्या बरणीत बोटं घातली आणि चिमूटभर मीठ टाकलं, जसं त्या शिऱ्यात टाकतात, खिरीत टाकतात, तसंच.

थोड्या वेळाने तीन ग्लास आले. मामांनी घोट घेतला, मिशीला फेस लागला, तोही पुसला नाही. ग्लास रिकामा करून डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "अजून आहे?" काकूंनी आपला ग्लास दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला, मग दुसरा. काका उभेच होते, मोजे काढायचेही विसरले होते.

"हे साताऱ्यातपण करता येईल की, दाजी," मामा म्हणाले.

काकांना खोटं कधी बोलताच आलं नाही. "हो," ते हळूच म्हणाले, "गॅस आणि मिक्सर असला की कुठेही होतं."

माझ्या मनात आलं, काका, एकदा तरी खोटं बोला हो! तेवढ्यात काकू म्हणाल्या, "होईल, पण अशी लागायची नाही. तिथं कुठं एवढा घाम येतो?" आणि भावाकडे वळल्या. "खोली पोराला दे." मग रजिस्टर ओढून घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: "बरी आहे. पुढच्या मे महिन्यात परत बघू."

या गोष्टीला आता नऊ मे महिने झाले. मासवणला दोन खोल्या झाल्या, मला पालघरला टायपिस्टची नोकरी लागली, घिवलीच्या मावशी आता पाटीवर मुलीला पाठवतात. मागच्या मेमध्ये मी काकांकडे गेले तर ते गॉगल लावून उभे होते, पण सांडशी धरायला आता दोन्ही हात लागत होते. मला बघून म्हणाले, "बरी आलीस. चार्ज घेतेस?" मी म्हटलं, "घेतला." पूर्वी चार्ज दिला की काका सरळ निघून जायचे. आता गेले नाहीत, माझ्या खांद्याशी उभं राहून रंग बघत राहिले.

बाहेर पडवीत काकूंनी ग्लास दोन्ही हातांत धरला, घोट घेतला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. काकांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. दहाव्यांदा तेच वाक्य. त्यांनी रजिस्टर मिटून मांडीवर ठेवलं, वर हात ठेवला, आणि मला म्हणाले, "चला, पुढच्या मेपर्यंत तरी आहोत."