जहाजाचा विमा आणि अर्धी गोळी

आमच्या पोरीनं सिंगापुरातून फोन करून सांगितलं, की तिनं आणि जावयानं आम्हा दोघांसाठी चार रात्रींची जहाजाची सहल ठरवलीय. मी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा. दुसरा संडासाचा. जहाज बुडलं तर काय, हे मला सुचलंच नाही. बहुतेक वर्षं आमच्या धाराशिवकडं बुडायचं म्हटलं तरी आधी पाणी शोधावं लागतं.

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत बातमी सांगितली, तेव्हा एकानं विचारलं, "या वयात कशाला?" दुसरा म्हणाला, "उलटी होती म्हणं लई." जळत होते लेकाचे. मी त्यांना जहाजावर पोहायचा तलाव असतो हे मुद्दाम दोनदा सांगितलं.

मला स्वतःला खरं तर तितकी हौस नव्हती. हौस होती बायकोला. ती तेर गावची. तेरणा नदीपलीकडं मोठं पाणी तिनं पाहिलेलं नाही. संसाराच्या चाळीस वर्षांत कुठं जायचं म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "तुम्ही म्हणाल तसं." निदान चार माणसांसमोर. माणसं गेल्यावर काय म्हणायची तो विषय वेगळा. पण या वेळी पोरीनं फोनवर "आई, येणार ना?" विचारलं तर ही माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मला जायचंय." मी बघतच राहिलो. दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून पांढरे बूट आणले आणि साडीखाली घालून घरात चालायचा सराव सुरू केला.

मधे आडवा आला तो विमा. पोरीनं सांगितलं, साठीच्या वरच्या माणसाला विम्याच्या कागदाशिवाय जहाजावर पाऊल ठेवू देत नाहीत. आणि आधीपासूनचे आजार सगळे सांगावे लागतात. लपवलं आणि समुद्रात काही झालं, तर कंपनी हात वर करते. हेलिकॉप्टरनं उचलून न्यायची पाळी आली तर तो सगळा खर्च आपल्या बोडक्यावर. "बाबा, एक पण लपवू नका," असं तिनं बजावलं.

मला बजावायची गरज नव्हती. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर लोकांचे अर्ज अपूर्ण आहेत म्हणून परत पाठवले. अर्ज कसा भरावा हे मला कोण शिकवणार? शिवाय आजार लपवायला आम्ही काय लग्नाला उभे आहोत? आमच्या वयाच्या पुरुषांचं सगळं वैभव आता तेच. सकाळी फिरताना कुणी शुगरचा आकडा सांगतो, कुणी गुडघ्याचा एक्स-रे. मी नऊ वर्षांपूर्वी सोलापुरात हृदयात दोन स्प्रिंगा टाकून घेतल्यात, तेव्हापासून त्या मंडळींत माझा मान मोठा आहे.

विम्याचा माणूस घरी आला. तरुण, घामाघूम, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. मी माझी फाइल त्याच्यापुढं ठेवली. स्प्रिंगा, बीपी, शुगर, सगळं तारीखवार, खुणेच्या चिठ्ठ्या लावून. तो म्हणाला, "काका, अशी फाइल मी आजवर बघितली न्हाय." मी चहा मागवला.

मग त्यानं काकूंचं विचारलं. मीच उत्तर दिलं, "तिला काय धाड भरलीय? आजवर तापाची गोळी खाल्लेली मला माहीत नाही." तिच्या सगळ्या रकान्यांत मी स्वतःच्या हातानं 'निरंक' लिहिलं, सुंदर अक्षरात. ती आत चहा गाळत होती.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. माझी मुलाखत अर्धा तास चालली, मी रंगात आलो होतो. मग त्या म्हणाल्या, आता आईंना द्या. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवून मधे टेबलावर ठेवला. बोलणं रेकॉर्ड होतंय हे कळल्यावर बायकोनं पदर सारखा केला.

"आई, तुम्हाला बीपी, शुगर, दमा असं काही आहे का?"

"काय की. दाखवलंच न्हाय कधी."

"काही ऑपरेशन झालंय?"

"न्हाय. बाळंतपण झालंय, ते धरायचं का?"

"नको. रोज कुठली गोळी चालू आहे का?"

"अर्धी."

"अर्धी कुठली?"

"यांच्यातली."

मी हिच्याकडं बघितलं. ही फोनकडं बघत होती.

"यांच्यातली म्हणजे?"

"यांची बीपीची असती बघा, गुलाबी. तिच्यातली अर्धी. सकाळी चहा झाला की. अडकित्त्यानं बरोब्बर अर्धी होती, भुगा होत न्हाय."

बाई म्हणाल्या, "आई, ही गोळी तुम्हाला कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिली?"

"कुणी न्हाय. डॉक्टर यांचे हाईत. माझे कुठंयत?"

"किती दिवस घेताय?"

"यांना स्प्रिंगा टाकल्या तवापासनं. नऊ वर्षं झाली की."

फोन ठेवल्याबरोबर मला आधी काय आठवलं असेल? आमच्या गल्लीतला मेडिकलवाला. औषधं आणायचं काम कायम बायकोकडं. गेल्या हिवाळ्यात ती एका दिवसासाठी माहेरी गेली तेव्हा मी स्वतः महिन्याच्या गोळ्या आणल्या, त्या वीस दिवसांत संपल्या. मी दुकानात जाऊन त्या भल्या माणसाला नाही नाही ते बोललो. "काका, मैं तो गिनके दिया," तो म्हणाला, "घर में पूछो." मी म्हणालो, "घरात काय विचारायचं? घरात बीपी मला एकट्याला आहे!"

आता घरात विचारलं. विचारलं कसलं, ओरडलो. "तुला अक्कल आहे का? दुसऱ्याची गोळी खातात का कुणी?"

"दुसऱ्याची कुठं? तुमचीच."

"पण तुला बीपी आहे हे सांगितलं कुणी?"

"पोरीनं मशिन धाडलं हुतं तुम्हाला. तुम्ही फिरायला गेला की मी पट्टा बांधून बघायची. वरचा आकडा तुमच्यापेक्षा मोठा यायचा. म्हटलं, तुमचं मोठं दुखणं, तुम्हाला अख्खी. मला अर्धी बास."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमचं बीपी वाढलं असतं."

मी कपाळावर हात मारून बसलो.

संध्याकाळी विम्याचा माणूस धावत आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "काका, काकूंना बोलू कशाला दिलं? अहो, चिठ्ठी नाही, फाइल नाही, तर आजार आहे कुठं? मी परत फोन जोडून देतो. काकूंनी एवढंच म्हणायचं, मला वाटलं तुम्ही ताकदीची गोळी विचारताय."

आणि खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. जन्मभर मी तेच करत आलो होतो. कागद जोडलेला नाही, म्हणजे गोष्ट नाही. म्हातारी समोर उभी असली तरी हयातीचा दाखला मागणारा माणूस मी. मी बायकोला समोर बसवलं आणि ते वाक्य पाठ करून घ्यायला लागलो. तिनं एकदा म्हटलं, नीट म्हटलं. मग म्हणाली, "हे मी फोनवर म्हणणार न्हाय."

"अगं, मग जायचं नाही का तुला?"

"जायचंय. लई जायचंय. पण मधीच पाण्यात मला काही झालं, आन् ते म्हणले ही बाई खोटं बोलली हुती, तर सगळं पोरीच्या गळ्यात पडंल. तशी न्हाय जायची मी."

मी चिडलो. दोन दिवस अबोला धरला. तिला फरक पडला नाही. अबोल्यात तिची कामं लवकर उरकतात असं तिनं शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं.

कंपनीनं दोघांनाही तपासणीसाठी सोलापूरला बोलावलं. रक्त, लघवी, कार्डिओग्राम, सगळं झालं. आठवड्यानं दोघांची उत्तरं आली. माझं मंजूर. हप्ता थोडा वाढवून, पण मंजूर. दोन स्प्रिंगा, बीपी, शुगर, सगळ्यांसकट माणूस जहाजावर न्यायला लायक, कारण सगळं वेळच्या वेळी तपासलेलं, औषध बरोबर, आकडे ताब्यात. तिचं नामंजूर. बीपी खूप वाढलेलं, त्यानं मूत्रपिंडांवर परिणाम झालेला दिसतोय, आधी उपचार सुरू करावेत, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा.

म्हणजे बघा, घरातला जाहीर आजारी माणूस पास आणि धडधाकट बाई नापास.

पत्र तिनं दोनदा वाचलं. "तुम्हाला घेतलं आन् मला न्हाय," म्हणाली आणि रडली. तोंडाला पदर न लावता, सरळ रडली. तिला असं रडताना मी तिच्या आईच्या मयताला पाहिलं होतं, त्यानंतर आताच.

पोरीनं फोन केला. दचकली होती बिचारी. आईचे उपचार लगेच सुरू करा म्हणाली, आणि मग चाचरत, "बाबा, तुमचं तिकीट वाया जाईल. तुम्ही येऊन जा, आईला पुढच्या वेळी नेऊ." बायको म्हणाली, "जावा की तुम्ही." एवढंच नाही, माझी बॅग भरायला काढली. आणि मी, चाळीस वर्षं संसार केलेला नवरा, एक अख्खी दुपार जायचा विचार केला. पोहायच्या तलावाचं मंडळींना सांगून बसलो होतो ना! आज ती दुपार आठवली की माझी मलाच लाज वाटते. चहाच्या वेळी ती माझ्या गोळ्यांचा डबा बॅगेत ठेवत होती आणि मला एकदम कळलं, की डबा माझ्याबरोबर गेला तर हिची अर्धी कुठून येणार? मी बॅग रिकामी केली आणि पोरीला सांगितलं, माझंही तिकीट रद्द कर.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन सोलापूरला माझ्या डॉक्टरांकडं गेलो. बाहेरच्या पोरीनं पेशंटचं नाव विचारलं, मी सवयीनं माझंच सांगितलं. आत गेल्यावर टेबलाशेजारच्या स्टुलावरही मीच बसलो आणि बाही वर केली. डॉक्टरांनी पट्टा बांधायला घेतला तेव्हा बायको मागून म्हणाली, "आज मी हाय."

मी उठलो. डॉक्टरांनी तिला विचारलं, "डोकं दुखतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"दुखतं," ती म्हणाली. "मागनं, मानंपसनं. रोज."

"पायाला सूज?"

"तसं काही नाही," मी म्हणालो.

तिनं पाय पुढं केला. "दोन वर्षं झाली, जोडवी काढून ठिवलीत. बोटात रुतायची."

जोडवी तिच्या पायात नाहीत, हे मला तेव्हा दिसलं. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" नऊ वर्षांत त्या माणसानं मला पहिल्यांदाच बाहेर काढलं, आणि बरोबर केलं. ती अर्धा तास आत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कोरी करकरीत फाइल होती, वर तिचं नाव. ती तिनं माझ्याकडं दिली नाही, स्वतःच्या पिशवीत ठेवली.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणून ती खूश होती. तामलवाडी मागं पडल्यावर म्हणाली, "त्या विम्यावाल्याचं ऐकलं असतं तर आता जहाजावर असतो, व्हय?"

"पुढच्या आठवड्यात असतो."

"आन् तिथं मी पडले असते, बोलायची शुद्ध न्हाय, तर जहाजावरच्या डॉक्टरनं तुम्हालाच विचारलं असतं ना?"

"मलाच विचारणार."

"मग तुम्ही काय सांगितलं असतं?"

मी विचार करायला लागलो. तिला काय दुखतं, मला माहीत नव्हतं. कुठलं औषध सोसत नाही, माहीत नव्हतं. वय सांगताना दोन वर्षं इकडं-तिकडं झालं असतं. रक्तगट तर मी कधी विचारलाच नव्हता, आणि माझा तिला तोंडपाठ आहे. त्या डॉक्टरला मी एकच शब्द सांगू शकलो असतो, जो मी अर्जात सुंदर अक्षरात लिहिला होता.

"मला काहीच सांगता आलं नसतं गं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावलेली नव्हती.

"माझा ओ पॉझिटिव्ह," ती म्हणाली. "म्हणा बघू."

मी म्हणालो. तिनं आणखी एकदा म्हणायला लावलं.