वरनं अडतं, खालनं मांजर जातं

पोलादपूर स्टँडवर एसटी लागली तेव्हा आबांनी तांदळाची गोण स्वतः आत नेऊन मागच्या सीटखाली दडपली आणि खाली उतरून माझ्या खिडकीशी उभे राहिले. आईने लाडवांची पिशवी आत दिली. ती बोलतच होती, बाहेरचं फार खाऊ नको, केसांना तेल लाव, वगैरे. आबा गप्प. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा म्हणाले, "मी काय रोज बोलणारा माणूस नाय. पण बोललो तर नीट ऐकत जा." मी मान हलवली. माझं अर्धं लक्ष खिडकीच्या सीटवर कुणी हक्क सांगायला येतंय का, याच्याकडे होतं.

गाडी आंबेनळीत शिरली आणि बोलणारी माणसं एकेक करून गप्प झाली. घाटात हे नेहमीचंच. धुक्यातून मध्येच तांबड्या मातीचा ताजा ढीग दिसायचा, रस्त्याच्या कडेला सारून ठेवलेला, आणि त्याच्या वर डोंगराचा सोलून निघालेला पट्टा. शेजारची बाई प्रत्येक ढिगाला हात जोडत होती. मला डोंगराचं काही नव्हतं, पोटाचं होतं. हाताला लागली ती पिशवी मी तोंडाशी धरली. ती लाडवांची निघाली. अशा रीतीने घरून मिळालेली शिदोरी मी महाबळेश्वरच्या अलीकडेच खराब करून पुण्यात रिकाम्या हातांनी उतरलो. गोणही गाडीतच विसरलो, पण ते आईला अजून माहीत नाही. आता कळेल.

तुमच्यातले जे वाडीवर राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या सगळ्यांनी माझी पुढची गोष्ट अर्धीमुर्धी ऐकलेली आहे, बहुतेक पांडूकाकांच्या तोंडून आणि बहुतेक हसत. पांडूकाका पोलीस पाटील, त्यामुळे त्यांची थट्टासुद्धा सरकारी धरली जाते. यंदा ती गोष्ट मीच सांगतो.

पुण्याला जाण्याआधी मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत शिफ्टला होतो. अंगाला असा वास लागायचा की आमची म्हैस मला बघून तोंड फिरवायची. मग कुणीतरी सांगितलं की मोठ्या परीक्षेला मराठी साहित्य हा विषय घेता येतो. मी म्हटलं, मराठी तर येतंच. जन्मल्यापासून बोलतोय. नोकरी सोडली. वाडीने मला त्याच दिवसापासून सायेब म्हणायला सुरुवात केली, काही जणांनी कौतुकाने, बाकीच्यांनी पांडूकाकांचं ऐकून.

पहिल्याच सराव परीक्षेत माझ्या उत्तराखाली शेरा आला की गोष्ट पुन्हा सांगितली आहे, विश्लेषण कुठे आहे? मी बाजूच्या कॉटवरच्या मुलाला विचारलं, विश्लेषण कुठे मिळतं? तो म्हणाला, शिकवणी लाव. पुण्यात गणिताचे सर गल्लीला दोन, इंग्रजीचे तीन. पण समोर बसवून कविता वाचायला शिकवणारं कुणी हवंय म्हटलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघायचे. शेवटी एक सर सापडले. डेमो लेक्चरलाच म्हणाले, साहित्यात साधं काहीच नसतं. दार आलं की प्रतीक्षा समजायची, पाणी आलं की काळ, भेग आली की तुटलेपण. मला अगदी चढलीच. मेसच्या मावशी एकदा म्हणाल्या, पोळ्या संपल्या. त्यात मला मानवी अस्तित्वाची रिक्तता दिसली आणि मी उपाशी पण तृप्त परत आलो.

त्याच आषाढात आबांचे फोन यायला लागले. एरवी हा माणूस 'घे, आईशी बोल' एवढंच बोलतो. आता स्वतः बोलत होता. एकदा म्हणाले, "मागचं दार लागत नाय रे. वरनं अडतं, खालनं मांजर जातं." पुढच्या खेपेला म्हणाले, झऱ्याचं पाणी तांबडं येतंय, गाळलं तरी तांबडंच. मग एकदा म्हणाले, वरच्या बांधाला भेग गेलीय, तुझ्या आईचा पाय अडकला त्यात. एवढं बोलून थांबले. मी काही बोलेन म्हणून थांबले असणार. आणि मी बोललो. म्हटलं, आबा, काय बोललात! भारी.

"भारी हाय?" त्यांनी विचारलं.

एकदम, मी म्हटलं. बरं म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

सरांनी मोठी बॅच सुरू केली आणि एकेकट्याला शिकवणं बंद केलं. मी पुन्हा शोधाला लागलो. आमच्या खोलीमालकाला शाळेत मराठी शिकवलेल्या पाटणकर बाई जवळच राहत होत्या. निवृत्त, गुडघ्यांनी त्रस्त, आणि विद्यार्थी घ्यायला फारशा राजी नसलेल्या. त्यांची एकच अट होती. पहिला अर्धा तास अर्थ सांगायचा नाही. काय आहे तेवढंच सांगायचं. कोण कुठे उभं आहे, हातात काय आहे, उजेड कुठून येतो. मला वाटलं, हे बालवाडीचं काम. पण दुसरं कुणी मिळत नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. त्या गवार निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, घरचं कुणी अलीकडे काय बोललं ते सांग, जसंच्या तसं. मी याच संधीची वाट बघत होतो. आबांची तिन्ही वाक्यं काढून त्यांच्यापुढे मांडली, आणि अर्ध्या तासाची अट मोडून अर्थही सांगून टाकला. न लागणारं दार म्हणजे गेलेल्या मुलाची प्रतीक्षा. तांबडं पाणी म्हणजे आईचे रडून लाल झालेले डोळे. भेग म्हणजे दोन पिढ्यांमधलं अंतर. मांजरही सोडलं नाही. मांजर म्हणजे चोरपावलांनी जाणारा काळ.

बाई म्हणाल्या, "पुन्हा सांग. फक्त वाक्यं."

मी सांगितली. त्यांनी विचारलं, घर कशाला टेकून आहे? म्हटलं, डोंगराला. मागचं दार म्हणजे डोंगराकडचं? हो. झरा घराच्या वर का खाली? वर. बांध? त्याच्याही वर.

"पावसात लाकूड फुगलं तर दार सगळीकडून अडेल," बाई म्हणाल्या. "हे वरून अडतंय आणि खाली मांजर जाण्याइतकी फट आहे. दाराला काही झालेलं नाही. चौकट वाकडी झाली आहे."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. प्रतीकाबद्दलच असावं.

"तीन वाक्यं आहेत, आणि तिन्हींत घर सरकतंय. फोन लाव."

पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा आबांनी घेतला, मागे पत्र्यावरचा पाऊस एवढा की मला ओरडावं लागलं. बाहेर पडा, खाली जा, आत्ता. त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "तू तर म्हणालास भारी हाय."

मी म्हटलं, आबा, ते वेगळं होतं.

"तू शिकलेला. तू चांगलं म्हणालास म्हणून मी गप बसलो. तुझ्या आईला पण सांगितलं, पोरगा बोलला, काय नाय."

पांडूकाकांच्या गोष्टीत हा भाग नसतो, कारण तो त्यांना माहीत नाही. मीही आजवर गाळतच आलो.

त्यानंतर मी पांडूकाकांना फोन केला. खूप काही सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून एकच शब्द आला, तळीये. पावसात दरडीखाली गेलेलं गाव ते. आपल्याकडे त्या नावापुढे कुणाला वाक्य पूर्ण करावं लागत नाही. दिवस मावळायच्या आत त्यांनी सगळी वाडी खालच्या गावातल्या शाळेत आणली. आबांनी म्हैस आणली, आईने देव आणले आणि देवांच्या खाली गुंडाळून मिक्सर. आंबेनळी बंद होती, म्हणून मी ताम्हिणीतून माणगावला उतरून दुसऱ्या दिवशी पोचलो. तालुक्याहून माणसं आली, भेग बघितली, तिच्यात काठी घालून बघितली, आणि पावसाळा संपेपर्यंत वर झोपू नका असं सांगून गेली. काठी किती आत गेली ते मी बघितलं. त्यांच्यातला एक जण डोंगराकडे न बघता खाली आमच्या कौलांकडे बघत होता, तेही बघितलं.

आणि डोंगर पडला नाही.

सबंध पावसाळा माणसं शाळेत कोंडून राहिली. भांडणं झाली, डास झाले, कुणाच्या कोंबड्या मुंगसाने नेल्या. दसऱ्यानंतर वर गेलो तर घरं जशीच्या तशी. चार कौलं सरकलेली, बस. पांडूकाका म्हणाले, "काय सायेब, आज मांजर कुठनं गेलं?" तेव्हापासून हे तुम्हा सर्वांचं आवडतं वाक्य आहे. लग्नात म्हणता, बारशात म्हणता. सायबानं पुण्यात बसून डोंगर पाडला, पण तो काय पडला नाय. मीही हसलो. खरं सांगायचं तर शाळेत झोपलेल्या दिवसांत मला मनातून वाटायचं, थोडासा पडावा. एवढासाच, रिकाम्या गोठ्यावर. माझी लाज राखण्यापुरता. असलं काही मागणारा माणूस साहेब झाला नाही ते बरंच झालं.

परीक्षा पास झालो नाहीच. पुण्यातच राहिलो. आता मीच साहित्याच्या शिकवण्या घेतो, काही समोर बसवून, काही मोबाइलवर. चपलांकडे बघणारे लोक आता मला सर म्हणतात. पहिला अर्धा तास मीही कुणाला अर्थ सांगू देत नाही. मुलं कंटाळतात. एकीने परवा विचारलं, सर, यात मार्क कुठे आहेत?

दरवर्षी परीक्षेत कुठे ना कुठे घर हा विषय येतो, आणि मुलं अंगण, तुळस, आईची हाक असं लिहितात. मी खोडत नाही. त्यांची घरं सपाटीवर आहेत. माझं घर म्हणजे पावसाळ्याचे चार महिने रोज फोनवर विचारायचा एक प्रश्न आहे. दार लागतं का? आबा म्हणतात, लागतं. मग मी जेवतो.

पहिल्या वर्षी सगळे खाली आले. पुढच्या वर्षी निम्मे, तेही कुरकुरत. यंदा कुणीच नाही. पांडूकाकांनी विचारलं तर म्हणे लोक त्यांनाच उलट म्हणाले, मांजराला विचारून सांगा.

आज सकाळी आबांना फोन केला.

"दार लागतं का?"

"लागतं. झ्याक लागतं."

मी जेवायला उठणार होतो. मग उगाच विचारलं, "रंधा मारलात का आबा?"

"थोडासा. वरनं."

"कितीदा?"

"अडलं की मारतो. त्यात काय?"

मागून पावसाचा आवाज येत होता. मी विचारलं, "आणि खालनं मांजर?"

मागून आईचा आवाज आला, "सांगा की हो त्याला."

"मांजर कशाला," आबा म्हणाले, "आता बोका जातो."

आंबेनळी बंद आहे. मी ताम्हिणीतून निघालोय आणि हे गाडीत बसून वाडीच्या ग्रुपवर लिहितोय. वाचाल तेव्हा अर्धा तास अर्थ लावू नका. वरनं काय अडतंय, खालनं काय जातंय, एवढंच आपापल्या दारात उभं राहून बघा. आणि पांडूकाका, तुम्ही हसा, पोट धरून हसा. फक्त आज दिवस मावळायच्या आत सगळ्यांना खाली शाळेत आणा, आणि मग तिथे बसून हसा.